वायफायला फुल्ल रेंज, पण नेट नाही: शाळेतला राउटर तपासायचा कसा

शाळेत नेट गेलं की एक हात राउटरच्या बटणाकडे जातो आणि दुसरा त्याच्या मागच्या बारीक भोकाकडे, पिन घेऊन. पहिल्या हाताला हरकत नाही. दुसरा आवरायला हवा. बटण बंद-चालू केलं तर राउटर झोपून उठतो, त्याला सांगून ठेवलेलं सगळं त्याच्या लक्षात राहतं. भोकात पिन घालून आठ-दहा सेकंद दाबली तर मात्र तो दुकानातून आणला तसा कोरा होतो. नेट कंपनीचं युजरनेम आणि पासवर्ड गेले, वायफायचं नाव गेलं, प्रिंटरला ठरवून दिलेला पत्ता गेला. यू-डायसची (शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती भरायची मुदत तोंडावर असताना ही पिन फार महागात पडते.

बहुतेक वेळा राउटर धडधाकट असतो. दोष त्याच्या अलीकडे असतो किंवा पलीकडे, आणि तो कुठल्या बाजूला आहे हे कळायला दहा मिनिटं पुरतात.

आधी शेजारी विचारा

सोलापुरात नळाला पाणी आलं नाही म्हणून कोणी लगेच प्लंबर बोलावत नाही. आधी शेजारी विचारतात, "तुमच्याकडे आलं का?" गल्लीत कुणाकडेच नसेल तर अडचण उजनीच्या लाइनीपासून चौकातल्या व्हॉल्व्हपर्यंत कुठेतरी. फक्त आपल्याच घरात नसेल तर आपला कॉक बघायचा. नेटचंही असंच आहे. बाहेरून फायबरची वायर येते ती नेट कंपनीच्या डब्यात, म्हणजे ओएनटीमध्ये. तिथून एक वायर राउटरला, राउटरमधून स्विचला (एका वायरीच्या अनेक वायरी करणाऱ्या डब्याला), स्विचमधून लॅबच्या संगणकांना आणि वरच्या मजल्यावरच्या वायफायच्या डब्याला. पाणी यांपैकी कुठे अडलं हे शोधायचं.

त्यासाठी तीन गोष्टी विचारून घ्या. सगळ्यांचं नेट गेलं की एकाच संगणकाचं? वायरवर चालतंय आणि वायफायवर नाही, असं आहे का? सगळ्याच वेबसाइट बंद आहेत की एकच? मुख्याध्यापकांच्या केबिनमधल्या वायरच्या संगणकावर नेट चालत असेल आणि सातवीच्या वर्गात फोनवर चालत नसेल, तर नेट कंपनीला फोन करण्यात काही अर्थ नाही. पाणी शाळेपर्यंत आलेलं आहे. आणि सगळं ठीक असताना एकच सरकारी पोर्टल उघडत नसेल, तर शेवटच्या तारखेची गर्दी हे बहुधा कारण असतं. तिथे राउटरला हात लावूच नका.

दिवे काय सांगतात

ओएनटीवर दोन दिवे महत्त्वाचे: पॉन आणि लॉस. पॉन हिरवा आणि स्थिर असेल तर फायबरमधून प्रकाश नीट येतोय. लॉस लाल लुकलुकत असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाही. रस्ता खोदताना वायर तुटली असेल, नाहीतर शाळेतच डब्याला जोडलेली बारीक वायर कपाटाच्या दारात दाबली गेली असेल. फायबरच्या आत काच असते, ती तीक्ष्ण कोनात वाकली की प्रकाश बाहेर निसटतो. वायर सैल करून मोठ्या वळणात ठेवा आणि दोन मिनिटं थांबा. तिचं टोक उपसून फुंकर मारणं, पदराने पुसणं नको. बोटाचा तेलकट डाग काचेच्या तोंडावर बसला की नवीनच दुखणं सुरू होतं, आणि त्या टोकात डोळा लावून बघणं डोळ्याला घातक आहे. लॉस लालच राहिला तर कंपनीला फोन करा, आणि "नेट चालत नाही" असं सांगण्याऐवजी "लॉस लाल आहे, पॉन बंद आहे" असं सांगा. मग पलीकडचा माणूस "राउटर बंद-चालू करा" म्हणत वेळ घालवणार नाही.

पॉन ठीक आहे, पण राउटरवरचा इंटरनेटचा दिवा लाल किंवा केशरी आहे, असं असेल तर ओएनटी ते राउटर ही वायर बघा. ती राउटरच्या वॅन पोर्टमध्येच, म्हणजे बाहेरचं नेट आत येतं त्या खाचेतच हवी. हे पोर्ट बहुधा वेगळ्या रंगाचं असतं. साफसफाईत कोणीतरी वायर काढून शेजारच्या लॅन पोर्टमध्ये (शाळेतल्या यंत्रांसाठीच्या खाचेत) घालतं आणि मग शोध सुरू होतो. वायर बरोबर असेल तर रिचार्ज संपलाय का ते विचारा.

तीन पिंग

आता संगणकाकडून तपासू. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतंय का ते बघणं. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, सीएमडी ही तीन इंग्रजी अक्षरं टाइप करून एंटर करा. काळी खिडकी उघडेल. तिथे आयपीकॉन्फिग हा शब्द इंग्रजीत, सलग, टाइप करून एंटर. (या लेखात आकडे मराठीत छापले आहेत, संगणकावर ते इंग्रजीतच टाकायचे.) "डिफॉल्ट गेटवे" समोर जो आकडा दिसतो तो राउटरचा पत्ता, बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. आता पिंग हा शब्द, एक जागा सोडून हा पत्ता, आणि एंटर.

चार ओळी "रिप्लाय" अशा आल्या तर तुमच्यापासून राउटरपर्यंतचा रस्ता मोकळा आहे. "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" आलं तर दोष शाळेच्या आतच आहे: वायर, स्विच किंवा वायफाय. वेळेचा आकडाही वाचा. वायरवर तो एक मिलिसेकंदाच्या आसपास असतो. वायफायवर कधी ५, कधी ३०० असा उड्या मारत असेल तर हवेत गर्दी आहे किंवा सिग्नल अशक्त आहे.

दुसरा पिंग ८.८.८.८ ला करा. हा गुगलचा पत्ता आहे. राउटर उत्तर देतो आणि हा देत नाही, म्हणजे राउटरच्या पलीकडे, कंपनीच्या बाजूला अडचण आहे. तिसरा पिंग एखाद्या वेबसाइटच्या नावाला. आकड्याला उत्तर मिळतं पण "नाव सापडलं नाही" असं येतं, तेव्हा नेट चालू आहे, फक्त डीएनएस बंद आहे. डीएनएस म्हणजे नेटची फोन डायरी: नाव दिलं की नंबर काढून देणारी. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी १.१.१.३ आणि १.०.०.३ टाका. हे क्लाउडफ्लेअर या कंपनीचे पत्ते फुकट आहेत आणि अश्लील, घातक वेबसाइट बऱ्याच अंशी अडवतात, म्हणून शाळेसाठी तेच बरे. एखादा हुशार विद्यार्थी फोनमध्ये स्वतःचं डीएनएस टाकून यातून वाट काढू शकतो, एवढं लक्षात असू द्या.

दुपारच्या सत्राला नेट का मिळत नाही

शाळांमध्ये सगळ्यात जास्त छळणारा आणि सगळ्यात कमी ओळखला जाणारा दोष हा आहे. वायफायच्या सगळ्या कांड्या भरलेल्या, पासवर्ड बरोबर, तरी फोन "आयपी पत्ता मिळवत आहे" इथेच अडतो. सकाळच्या सत्रात काहीही तक्रार नसते, दुपारच्या सत्रात मात्र निम्म्या वर्गाचं नेट चालत नाही.

राउटर प्रत्येक यंत्राला एक पत्ता देतो, बिल्ला द्यावा तसा. या वाटपाचं नाव डीएचसीपी. घरगुती राउटरमध्ये १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.१९९ असे बिल्ले भरून आलेले असतील तर ते झाले एकूण १००. घराला ते खूप झाले. शाळेत लॅबचे ३० संगणक, २५ टॅब, ४० शिक्षकांचे फोन, कॅमेरे, प्रिंटर, आणि ज्यांना पासवर्ड कळला त्या मुलांचे फोन. बिल्ल्याची मुदत २४ तास ठेवलेली असेल तर सकाळच्या सत्रातला फोन घरी गेला तरी त्याचा बिल्ला राउटरच्या वहीत त्याच्याच नावावर राहतो. दुपारी येणाऱ्यांना द्यायला काही उरत नाही.

ओळखायचं कसं? आयपीकॉन्फिगमध्ये पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर संगणकाला बिल्ला मिळालेला नाही, त्याने स्वतःच्या मनाने एक नंबर लावून घेतलाय. त्यावर नेट चालणार नाही. हाच आकडा एकाच संगणकावर दिसला तर त्याची वायर बघा. दहा संगणकांवर दिसला तर बिल्ले संपलेत.

उपाय दोन मिनिटांचा आहे. राउटरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून आत जा, डीएचसीपीचं पान उघडा. सुरुवात १९२.१६८.१.२०, शेवट १९२.१६८.१.२५०. झाले २३१ पत्ते. मुदत, म्हणजे लीज टाइम, १२० मिनिटं. काही राउटरमध्ये ती सेकंदांत मागतात, तिथे ७२०० लिहा. २ ते १९ हे पत्ते मोकळे ठेवा, प्रिंटर आणि वायफायच्या डब्यांना हाताने द्यायला. फोनसाठी गेस्ट वायफाय वेगळं काढा आणि लॅबच्या वायफायचा पासवर्ड फळ्यावर लिहू नका.

दुसऱ्या डब्याचा घोळ

वरच्या मजल्यावर रेंज येत नाही म्हणून कोणीतरी घरातला जुना राउटर आणून लावतं. हेतू चांगला असतो. पण तो डबाही राउटरच आहे, तोही बिल्ले वाटतो, आणि त्याची वायर लॅन पोर्टमध्ये लावली असेल तर तो सगळ्या शाळेला वाटू लागतो. काही संगणकांना खरे बिल्ले मिळतात, काहींना खोटे. ज्याला खोटा मिळाला त्याचं नेट बंद. बंद-चालू केल्यावर नशिबाने खरा मिळाला तर चालू. "कधी चालतं, कधी नाही" या तक्रारीमागे हे फार वेळा निघतं. शेजारशेजारच्या दोन संगणकांवर डिफॉल्ट गेटवे वेगवेगळा दिसला की खात्री झाली. दोघांवर सारखाच दिसला तरी निश्चिंत होऊ नका, कारण दोन्ही राउटरांचा मूळ पत्ता एकच असू शकतो. अशा वेळी वरचा डबा बंद करून अर्धा तास बघा.

जुना डबा फेकायची गरज नाही, त्याचं वाटप बंद करा. तो शाळेच्या वायरीतून सोडवा, एक लॅपटॉप फक्त त्यालाच वायरने जोडा. आधी त्याचा स्वतःचा लॅन पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा. नव्या पत्त्यावर पुन्हा आत जा आणि मग डीएचसीपी बंद करा. क्रम उलटा केलात तर लॅपटॉपला पत्ताच मिळेनासा होऊन तुम्ही बाहेर अडकाल. मग शाळेची वायर त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावा. वॅन पोर्ट रिकामं. सेटिंगमध्ये "ॲक्सेस पॉइंट मोड" असेल तर तो निवडला की हे सगळं आपोआप होतं. मात्र वायर कुठल्या पोर्टमध्ये हवी ते त्याच्या पुस्तिकेत बघून घ्या.

स्विचजवळचा आणखी एक अपघात असाच निरुपद्रवी दिसतो. एक मोकळी वायर लोंबताना दिसते, कोणीतरी "ही निघालीय वाटतं" म्हणून तिचं टोक स्विचमध्ये खोचतं. तिचं दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये असतं. आता एक निरोप त्या वायरीतून गोल गोल फिरत राहतो, फिरताना वाढत जातो, आणि काही सेकंदांत सगळी शाळा ठप्प होते. दिव्यांकडे बघा: एरवी स्विचचे दिवे पावसाच्या थेंबांसारखे मागे-पुढे, आपापल्या लयीत लुकलुकतात. असा फेरा बसला की सगळे एकदम, एकाच वेगाने, न थांबता फडफडतात. एकेक वायर काढत जा; जी काढल्यावर फडफड थांबते ती गुन्हेगार.

ऊन, पत्रे आणि अडॅप्टर

घरगुती राउटरच्या कागदावर चालण्याचं तापमान बहुधा ० ते ४० अंश असं लिहिलेलं असतं. सोलापूरचा एप्रिल-मे त्याच्या वर जातो, आणि तो सावलीतला आकडा. पत्र्याच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या डोक्यावर, छतापासून हातभर अंतरावर ठेवलेल्या डब्याचं काय होत असेल ते हात लावून बघा. उन्हाळ्यात शाळा सकाळची होते, पण नोंदी भरायचं काम ऑफिसात दुपारी चालूच असतं, आणि नेमकं एकनंतर नेट दर पाच-दहा मिनिटांनी तुटायला लागतं. सकाळी छान, दुपारी वाईट, रात्री पुन्हा छान, असा नकाशा दिसला तर आधी डबा खाली आणा. छातीच्या उंचीवर, भिंतीवर, जाळ्या मोकळ्या, आणि धूळ महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने झाडायची. लोखंडी कपाट वायफायचा सिग्नलही अडवतं, त्यामुळे या एका बदलाने दोन कामं होतात.

उष्णतेने राउटरच्या आधी त्याचा अडॅप्टर दमतो. आतला कपॅसिटर सुकतो, लोड आला की व्होल्ट खाली बसतात, आणि राउटर आपोआप रीस्टार्ट होत राहतो. लोक म्हणतात राउटर गेला. शाळा यंत्रमागाच्या किंवा वर्कशॉपच्या शेजारी असेल आणि तिकडची मोटर सुरू होताना इथला बल्ब मंदावत असेल, तर दमलेला अडॅप्टर तेवढ्यानेही हात टेकतो. राउटरच्या पोटाखालचं लेबल वाचा: १२ व्होल्ट १ अँपिअर असेल तर नवीन अडॅप्टर १२ व्होल्टचाच हवा, अँपिअर १ किंवा त्याहून जास्त चालेल. ९ व्होल्टच्या डब्याला १२ व्होल्टचा लावू नका, पिन बसली तरीही. वीज वारंवार जात असेल तर राउटर आणि ओएनटी दोन्हींना छोटा यूपीएस लावा. एकालाच लावून उपयोग नाही.

भिंती, चॅनेल आणि वायर

शहरातल्या जुन्या शाळांच्या दगडी भिंती दोन-दोन फूट जाड असतात. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान, पण अशी एक भिंत ओलांडताना त्याचा दम निघतो, २.४ हळू, पण जरा लांब जातं. फोनवर वायफाय ॲनालायझरसारखं ॲप टाकून वर्गात शेवटच्या बाकावर उभे राहा. सिग्नलचा आकडा उणे ६७ किंवा त्याहून चांगला, म्हणजे शून्याच्या जवळचा, आला तर व्हिडिओ नीट चालेल. उणे ७५ च्या खाली गेला तर राउटर कितीही भारी घ्या, त्या वर्गापर्यंत वायर नेऊन तिथे डबा लावावाच लागेल. २.४ वर चॅनेल, म्हणजे वायफायच्या हवेतल्या वाटा, १, ६ आणि ११ हेच एकमेकांच्या पायात येत नाहीत. तीन डबे असतील तर तिघांना हे तीन वाटून द्या आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा.

लॅबचे संगणक मात्र वायरवरच हवेत, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. ते जागचे हलत नाहीत, मग त्यांनी हवेतली जागा कशाला अडवायची? एका साध्या राउटरच्या वायफायवर २५-३० यंत्रं एकदम व्हिडिओ बघू लागली की सगळ्यांचाच वेग बसतो. शिवाय १०० एमबीपीएसचं कनेक्शन ३० जणांत वाटलं तर वाट्याला साधारण ३.३ येतं, आणि त्यातच विंडोजचे अपडेट सुरू झाले तर तेही नाही.

वायरची लांबी १०० मीटरच्या आत. वायरच्या टोकाला जोडणीची पिन मारताना क्लिप खाली, सोनेरी पट्ट्या वर, आणि डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी निळ्या जोडीच्या दोन बाजूंना फुटलेली दिसते आणि नवख्याला ते खटकतं, म्हणून तो रंग शेजारी-शेजारी लावून टाकतो. दोन्ही टोकांना तीच चूक केली तर वायर तपासायच्या टेस्टरचे आठही दिवे बरोबर लागतात! पण ३ आणि ६ नंबरच्या तारा एकमेकींना पिळलेल्या असायला हव्यात, त्या तशा राहत नाहीत, आणि लांब वायरवर नेट अडखळतं. म्हणून टेस्टरवर विसंबण्याआधी रंग डोळ्यांनी बघा. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका, आणि बाहेरचं प्लास्टिक पिनच्या आत जाऊन दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर झाडू मारताना वायर ओढली की तार सुटते. दोन इमारतींच्या मधून उघड्यावर तांब्याची वायर नेलेली असेल तर वळवाच्या विजांमध्ये दोन्हीकडचे स्विच जळण्याचा धोका आहे. तिथे फायबरच टाका.

एक दोष राउटरचा नसतोच, पण खापर त्याच्यावर फुटतं. जुन्या संगणकावर प्रत्येक वेबसाइट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणते, पिंग मात्र तिन्ही चालतात. उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. २०१५ सालचा जानेवारी दिसत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणाएवढा सेल संपलाय. वेबसाइटचं प्रमाणपत्र त्या तारखेला जन्मालाच आलेलं नसतं, म्हणून संगणक ते नाकारतो. सेल बदला, तारीख लावा, संपलं.

पिन घालायचीच वेळ आली तर

सगळं करून राउटर खरंच अडकला असेल, ॲडमिनचा पासवर्ड कुणालाच माहीत नसेल, तर रीसेट करा. पण आधी कागद घ्या. कंपनीकडून पीपीपीओई (म्हणजे नेट जोडायचं) युजरनेम आणि पासवर्ड फोनवर लिहून घ्या, व्हीलॅनचा (कंपनीने वायरीत आखलेल्या वेगळ्या वाटेचा) नंबर लागतो का तेही विचारा. जे पान उघडतंय त्याचा फोटो काढा. राउटरच नवीन बसवत असाल तर कंपनीला सांगा, कारण काही कंपन्या जुन्या राउटरचा मॅक नंबर (प्रत्येक यंत्राची कारखान्यातली ओळख) बांधून ठेवतात आणि नवीन डब्याला नेट देत नाहीत. रीसेटनंतर आधी वॅनची माहिती भरा, नेट आलं का बघा, मग लॅनचा पत्ता, मग डीएचसीपीचा २० ते २५०. ॲडमिनचा पासवर्ड नवीन ठेवा आणि तो बंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे द्या. वायफायचं नाव आणि पासवर्ड मात्र अक्षर न अक्षर जुनाच टाका, लहान-मोठी अक्षरंसुद्धा तीच. मग टॅब आणि फोन आपोआप जोडले जातील आणि एकेकापाशी जाऊन पासवर्ड टाकत बसावं लागणार नाही.